पडद्यावरचा हिमउतार : स्नोबोर्डिंगच्या गेमचा आढावा

घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर बसून, हातातल्या कंट्रोलरच्या आधाराने, हिमाच्छादित पर्वताच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत एक फळी घसरवीत न्यावयाची आणि वाटेत साधतील तेवढ्या कसरती हवेत करून दाखवावयाच्या, एवढाच ज्याचा वरकरणी आशय आहे, त्या स्नोबोर्डिंगच्या व्हिडिओ गेमविषयी गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद चालू आहे आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. या गेमने मूळ क्रीडाप्रकाराशी कितपत इमान राखावे, हा त्या वादाचा प्रकट विषय होय. पडद्यावरील फळीला वजन असावे, बर्फाला घर्षण असावे, माणसाला माणसाएवढीच उडी मारता यावी, असा एका पक्षाचा आग्रह. तर जे देहाला अशक्य ते करता यावे म्हणूनच कन्सोल घरात आणला जातो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. मात्र दोन्ही पक्षांच्या कैफियती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, भांडणाचे मूळ वास्तव आणि कल्पित यांच्या तात्त्विक भेदात तितकेसे नाही. ते एका अगदी व्यावहारिक कलमात आहे. खेळणारा पडला, तर त्याच्याकडून काय वसूल करावे? हे कलम नजरेसमोर ठेवूनच पुढील आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका

मूळ खेळाचे वय फारसे नाही. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शर्मन पॉपन या अभियंत्याने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली, आणि 'स्नर्फर' या नावाने ती पुढे बाजारात आली. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर याने व्हर्माँट राज्यात अशा फळ्या बनविण्याचा धंदा मांडला. स्कीइंगच्या प्रतिष्ठित उतारांवर या नव्या मंडळींना दीर्घकाळ मज्जाव होता; व्हर्माँटमधील स्ट्रॅटन पर्वताने १९८३ साली दार उघडले, त्यानंतर इतरांनी हळूहळू उघडले, आणि यूटामधील आल्टा व डिअर व्हॅली येथे ही मनाई आजही कायम आहे. १९९८ साली जपानातील नागानो येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगला प्रथम स्थान मिळाले, तेही दोन भिन्न रूपांत: एक जायंट स्लॅलम, जिथे निवाडा घड्याळाचा, दुसरा हाफपाइप, जिथे निवाडा पंचांचा.

हा दुहेरीपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या खेळाला स्वतःलाच वेग श्रेष्ठ की डौल श्रेष्ठ याचा निर्णय करता आला नाही, त्याची पडद्यावरील प्रतिकृती काढणाऱ्यांनी दोन्ही मापे एकाच तराजूत घातली तर नवल नाही. बहुतेक सर्व गेममध्ये शर्यत आणि कसरत अशी दोन खाती असतात, आणि एका खात्यातली कमाई दुसऱ्या खात्यात वळती कशी करावयाची हा रचनाकारांपुढचा नित्याचा पेच असतो.

पहिली दहा वर्षे

१९९० साली निन्टेन्डोच्या आठ-बिटी कन्सोलवर 'हेवी श्रेडिन' नावाचा गेम आला होता, परंतु सपाट चित्रात उताराची खोली दाखविता येत नसल्याने या प्रकाराला खरा आरंभ मिळाला तो त्रिमितीय चित्रण करणारे कन्सोल घरोघर पोहोचल्यावर, म्हणजे १९९५ नंतर. त्या काळच्या यंत्रांची कुवत बेताची होती, आणि बर्फाचा डोंगर या बेताच्या कुवतीला जणू मापून शिवल्यासारखा बसला. खेळणारा फक्त खालच्या दिशेने जाणार, तेव्हा पाठीमागचे जग रंगविण्याचे कारण नाही. पांढऱ्या पृष्ठभागावर तपशिलाची गरज कमी. आणि दूरचा प्रदेश दाखविण्याइतकी स्मृती यंत्रात नसली तरी तिथे धुके पसरून दिले की कोणाची हरकत नाही, कारण डोंगरावर धुके असावयाचेच. यंत्राची उणीव ऋतूच्या नावावर खपून गेली, अशी संधी अन्य फारच थोड्या क्रीडाप्रकारांना लाभली.

१९९६ साली जपानच्या यूईपी सिस्टिम्स या संस्थेने प्लेस्टेशनसाठी 'कूल बोर्डर्स' तयार केला. तो लोकप्रिय झाला आणि पुढल्या पाच वर्षांत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याच सुमारास नामको कंपनीने खेळघरांसाठी 'अल्पाइन सर्फर' हे यंत्र आणले. त्यात खेळणाऱ्याला एका हलत्या फळीवर प्रत्यक्ष उभे राहावे लागे. १९९७ साली सेगाच्या सॅटर्नवर 'स्टीप स्लोप स्लायडर्स' आला. मुलांसाठी म्हणून निघालेला 'स्नोबोर्ड किड्स' शर्यतीत अस्त्रे फेकण्याची मुभा देत असे. तो या वादात पक्षकार नाही, म्हणून त्याचा केवळ उल्लेख करून पुढे जाऊ.

या कालखंडातील निर्णायक कृती म्हणजे निन्टेन्डो ६४ वरील 'टेन-एटी स्नोबोर्डिंग'. नागानोचे ऑलिंपिक २२ फेब्रुवारी १९९८ रोजी संपले आणि हा गेम जपानात २८ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला. निर्मिती शिगेरू मियामोतो यांची, दिग्दर्शन मासामिची आबे व मित्सुहिरो ताकानो यांचे, आणि प्रोग्रॅमिंगमध्ये जाइल्स गॉडर्ड व कॉलिन रीड यांचा प्रमुख हात होता. हवेत तीन पूर्ण गिरक्या घेतल्या म्हणजे एक हजार ऐंशी अंश होतात. गेमच्या नावातली ही कसरत साधण्यासाठी स्टिकच्या आणि बटणांच्या हालचालींची एक लांबलचक साखळी उडीच्या अवधीत बिनचूक पुरी करावी लागते, आणि ती साधलेले लोक आपल्या ओळखीत फारसे नसतात.

पण खरी कसोटी गिरकीची नाही, उतरण्याची आहे. समजा खेळणारा एका टेकाडावरून सुटला आहे. खालचा उतार किंचित डावीकडे कललेला आहे. फळी गिरकीच्या ओघात अजून अर्धवट आडवी आहे. जमीन वर येत असता अंगठ्याने स्टिक हलक्या हाताने फिरवून फळीचे टोक उताराच्या रोखाला आणावे लागते, आणि टेकण्याच्या नेमक्या क्षणी गुडघे दुमडण्याचे बटण दाबून धक्का जिरवावा लागतो. दोन्ही जमले तर बर्फावर फळीची कड घासल्याचा एक कोरडा, समाधानकारक आवाज येतो आणि वेग अभंग राहतो. थोडे चुकले तर पडद्यावरचा माणूस हात पसरून तोल सावरतो, आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी पुढे निघून जातो. अधिक चुकले तर सरळ लोळण. पडण्या-आदळण्याचा हिशेब ठेवणारी एक पट्टी शर्यतीत पडद्यावर असते. ती पुरती खर्ची पडली की शर्यतीतून बाद. पडण्याची किंमत चढी ठेवल्यामुळे न पडणे ही स्वतंत्र कमाई ठरली. वजनाचा आणि घर्षणाचा आग्रह धरणारा पक्ष आजही दाखला म्हणून प्रथम याच गेमचे नाव घेतो.

अतिशयोक्तीचा पक्ष

ऑक्टोबर २००० मध्ये प्लेस्टेशन टू अमेरिकेत विक्रीस आला त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या कॅनडातील स्टुडिओने 'एसएसएक्स' बाजारात आणला. येथे उड्या मजल्यांच्या हिशेबाने उंच होत्या, उतारावर रोषणाई होती, आणि कसरत केली की एक पट्टी भरत जाई व तिच्यातून वेगाचा झोत विकत घेता येई. शर्यत आणि कसरत या दोन खात्यांची वर सांगितलेली अडचण या एका योजनेने मिटली: जो अधिक कसरती करील तोच अधिक वेगाने जाईल. पडला तर त्या पट्टीतला काही भाग जाई, इतकेच. २००१ च्या 'एसएसएक्स ट्रिकी'ने पुढचे पाऊल टाकले. त्यात पायाचे बंध सोडून फळी हवेत गरगर फिरवावयाची आणि जमीन लागण्याआधी परत तिच्यावर स्वार व्हावयाचे, असले प्रकार राजरोस चालत, आणि ठरावीक संख्येने ते साधले म्हणजे वेगाचा साठा अमर्याद होई.

या पक्षाची बाजू बरेचदा उथळ समजली जाते. ती तशी नाही. एसएसएक्सचे जनक स्टीव्ह रेक्टशाफनर हे स्वतः फ्रीस्टाइल स्कीइंग केलेले गृहस्थ. नव्वदच्या दशकारंभी कॅनडातील ब्लॅककॉम्ब पर्वतावर 'बोर्डरक्रॉस' ही समूहशर्यत प्रथम रचण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते, आणि ती शर्यत पुढे २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये अधिकृत झाली. म्हणजे ज्याने प्रत्यक्ष बर्फावर एका नव्या स्पर्धेला रूप दिले, त्याच्याच हातून पडद्यावरची सर्वांत बेफाम अतिशयोक्ती घडली. बर्फाशी जितका निकट परिचय तितकी प्रतिकृती काटेकोर, असा जो एक सोपा समज आहे, त्याला हा एकच दाखला पुरेसा बाधक आहे. या पक्षाचे प्रतिपादन असे की, उतारावरून येताना माणसाच्या अंगात जो उन्माद संचरतो तो दिवाणखान्यातील आसनावर बसल्या जागी आपोआप येत नाही. तेव्हा देहाच्या वाट्याचे जे गळते ते डोळ्यांच्या आणि कानांच्या वाट्याला वाढवून द्यावे लागते. अतिशयोक्ती ही या दृष्टीने भरपाई होय.

संयमाचा पक्ष

याच्या उलट टोकाला नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आला तेव्हा त्याच्याबरोबर 'अँपेड' आला. तो यूटातील सॉल्ट लेक सिटी येथे घडविला गेला होता. त्यात आखलेली वाट नव्हती. डोंगराचा रुंद पाठा खुला होता आणि खेळणाऱ्याने आपली रेषा स्वतः निवडावयाची होती. दुसऱ्या आवृत्तीत तर अंगठ्याने स्टिक झटक्यात फिरविण्यापेक्षा ती सावकाश, अर्धीच सरकवून घेतलेल्या गिरकीला अधिक गुण मिळत. डौलाला दर लावण्याचा इतका सरळ प्रयत्न अन्यत्र दिसत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील तो सर्वांत उपेक्षित शोध आहे. या परंपरेची पुढली कडी म्हणून २००९ चा 'स्टोक्ड' आणि २०२२ चा 'श्रेडर्स' यांकडे बोट दाखविता येईल.

दरम्यान १९९९ च्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'ने स्केटबोर्डच्या क्षेत्रात कसरतीला कसरत जोडून गुणांचा गुणाकार करण्याचा जो शिरस्ता पाडला, त्याचा अंमल स्नोबोर्डवरही बसला. स्केटरला सपाटीवर थांबता येते, मागे वळता येते, तीच कठडी पुन्हा गाठता येते; उतारावरच्या माणसाला यातले काहीच सुलभ नाही. उसना नियम त्यामुळे नेहमीच थोडा तोकडा पडला.

हात की पाय

वादाची दुसरी शाखा साधनाविषयी आहे. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा असतो आणि सारा कारभार पायाच्या चवड्यावरून टाचेवर व टाचेवरून चवड्यावर भार नेण्याचा असतो. मग हे काम अंगठ्यावर का सोपवावे, असा प्रश्न रास्तच आहे. निन्टेन्डोने २००७ साली वी कन्सोलसाठी 'बॅलन्स बोर्ड' आणला. त्याच्या चार कोपऱ्यांतील संवेदक चार ठिकाणचा भार मोजतात, आणि त्यांची मोजणी एवढी भरवशाची निघाली की तोल तपासण्याच्या महागड्या प्रयोगशाळीय उपकरणाशी तिची तुलना करणारा अभ्यास २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००८ च्या 'शॉन व्हाइट स्नोबोर्डिंग'च्या वी-आवृत्तीत या फळीवर उभे राहून खेळण्याची सोय होती. २०१० साली 'टोनी हॉक : श्रेड'ने स्वतःची निराळी फळी दिली.

समर्थकांचे म्हणणे असे की, कसाही असला तरी देह खेळात रुजू झाला. विरोधकांचे म्हणणे असे की, फळी जमिनीवर सपाट, उतार नाही, कड बर्फात रुतत नाही. तेव्हा पायांना काम मिळाले पण त्या कामाचे उत्तर पायांना मिळत नाही, आणि उत्तर अंगठ्याला जितके चटकन कळते तितके ते इथे कळत नाही. शिवाय दिवाणखान्यात खरोखर तोल गेला तर वसुली पडद्यावरच्या पट्टीतून न होता टीपॉयवरच्या काचेतून होते. हा प्रयोग बाजारात फार टिकला नाही. २०२१ साली आभासी वास्तवाच्या शिरोभूषणासाठी 'कार्व्ह स्नोबोर्डिंग' निघाला, आणि तो क्योतोतील ज्या स्टुडिओने केला त्याचे प्रमुख म्हणजे टेन-एटीचेच जाइल्स गॉडर्ड. तेवीस वर्षांनी त्याच कारागिराने तोच प्रश्न निराळ्या साधनावर पुन्हा मांडला, ही गोष्ट प्रश्नाच्या चिवटपणाची साक्ष देते.

वाट की पर्वत

२००३ च्या 'एसएसएक्स थ्री'ने सुट्या-सुट्या वाटा जोडून तीन शिखरांचा एक अखंड पर्वत उभा केला. अगदी वरच्या शिखरावरून निघून न थांबता पायथ्याशी यावयाचे म्हटले तर सुमारे अर्धा तास लागतो. संध्याकाळचा प्रकाश बदलतो, वस्ती जवळ येते, संगीत पातळ होत जाते. अतिशयोक्तीच्या पक्षाने येथे नकळत संयमाच्या पक्षाची भूमी पादाक्रांत केली आहे, कारण अर्ध्या तासाच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यावरची एक लोळण पहिल्या टप्प्यावरचे सारे पुण्य गमावू शकते.

२०१२ च्या 'एसएसएक्स'मध्ये नासाच्या उपग्रहांनी नोंदविलेल्या भूपृष्ठाच्या आधारे खरे पर्वतप्रदेश घेतले गेले. त्यांत हिमालयही आहे, आणि तेथील प्रमुख संकट विरळ हवेचे असल्याने प्राणवायूची नळी वेळेवर लावली नाही तर दृष्टी काळवंडत जाते. याच गेममध्ये काळ उलटा फिरविण्याची सोय झाली: पडलात तर काही क्षण मागे जा, मात्र तोवर प्रतिस्पर्धी पुढे धावत राहील, किंवा गुण वजा होतील. डिसेंबर २०१६ चा 'स्टीप' फ्रेंच आल्प्सच्या कुशीतील आनसी येथील यूबिसॉफ्टच्या स्टुडिओने केला. त्यात आल्प्सचा विस्तीर्ण भाग सर्व बाजूंनी खुला आहे आणि एक बटण दाबले की उतरणीचा आरंभ पुन्हा हजर होतो. याच स्टुडिओच्या २०२१ च्या 'रायडर्स रिपब्लिक'मध्ये योसेमिटी, झायन, ग्रँड टेटन अशी अमेरिकन उद्याने एकत्र जोडली आहेत आणि नव्या कन्सोलवर चौसष्ट जण एकाच शर्यतीत उतरतात.

पर्वत जसजसा मोठा झाला तसतशी पडण्याची किंमत उतरत गेली, हे या वीस वर्षांतले सर्वांत स्पष्ट दिसणारे स्थित्यंतर. त्याचे समर्थन करणारे म्हणतात की, फुकट पुनरारंभ मिळाल्याशिवाय कोणी अवघड रेषा आजमावणार नाही. सरावाची मुभा हीच कौशल्याची जननी. आक्षेप घेणारे म्हणतात की, ज्या कड्यावरून शंभरदा विनामूल्य पडता येते त्याची भीती उरत नाही, आणि भीती गेली की उरते ते निसर्गचित्र. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, आणि म्हणूनच निर्णय कठीण आहे.

ओहोटी आणि अनिर्णीत प्रश्न

२००५ नंतर या प्रकाराला ओहोटी लागली, याविषयी दुमत नाही. अँपेडचा स्टुडिओ २००६ साली बंद झाला. २०१२ नंतर एसएसएक्सची नवी आवृत्ती निघाली नाही. निन्टेन्डोने २००३ च्या 'अ‍ॅव्हलांच'नंतर टेन-एटीला पुन्हा हात घातला नाही. कारणांविषयी मात्र मते भिन्न आहेत. मूळ खेळाची नवलाई नागानोनंतर ओसरली, असे काही मानतात. यंत्रांची कुवत वाढल्यावर पर्वत भरण्याचा खर्च इतका वाढला की एकट्या फळीच्या जिवावर तो निघेना, म्हणून स्की, सायकल, पंखवस्त्र अशी इतर साधने एकाच गेममध्ये कोंबावी लागली, असे अन्य मानतात. मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. धुक्याने एके काळी जी बचत करून दिली होती, ती धुके विरल्यावर व्याजासह चुकती करावी लागली.

आणखी एका मुद्द्याची चर्चा व्हावी तशी झालेली नाही. या गेमचे बहुसंख्य खेळाडू कधीही फळीवर उभे राहिलेले नाहीत. महाराष्ट्राचेच पाहा: आपल्याकडे बर्फ पडत नाही, गुलमर्ग किंवा औलीला जाऊन फळीवर उभे राहण्याची ऐपत आणि सवड थोड्यांना, आणि ज्या मराठी मुलांना हा क्रीडाप्रकार ठाऊक झाला त्यांतल्या अनेकांना तो प्लेस्टेशन टूच्या तबकडीवरून ठाऊक झाला. अशा खेळाडूने 'हे खरे वाटते' असे म्हटले तर त्याचे प्रमाण कोणते? बर्फ नव्हे, पूर्वी खेळलेला दुसरा गेम, किंवा सायकलवरून घाट उतरताना अंगाला आलेला झोक. वास्तवतेचा दावा करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. आणि भरपाईचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनीही, जे कधी अनुभवलेच नाही त्याची भरपाई कशी होते, हे सांगितलेले नाही. गेम खेळून खरी फळी येते काय, हा प्रश्नही याच जातीचा. उताराची रेषा वाचणे, कसरतींची ओळख, इतके येते. कड बर्फात किती रोवावी हे ज्ञान टाचेचे आहे आणि ते टाचेलाच मिळवावे लागते.

तूर्त माझा निवाडा इतकाच की, पडण्याची किंमत हे कलम रचनाकारांनी एकदाच ठरवून न टाकता खेळणाऱ्याच्या स्वाधीन करावे. चढा दर हवा त्याला चढा, उतरता हवा त्याला उतरता. ज्या वाचकाला दोन्ही पक्ष स्वतः तपासून पाहावयाचे असतील त्याला आज फारशी यातायात पडत नाही: टेन-एटी निन्टेन्डो स्विचच्या सशुल्क सेवेत उपलब्ध आहे, आणि एसएसएक्स थ्रीची जुनी एक्सबॉक्स तबकडी एक्सबॉक्स वनवरही चालते. आधी टेन-एटी खेळावा, मग एसएसएक्स थ्री. उलट क्रमाने गेल्यास पहिल्याच उडीला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटेल.